श्वास कोंडून धावलं की दम वाढतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती धावणाऱ्या एका ताईंना त्यांच्या कोचने इंटरव्हलच्या दिवशी (वेगाने धाव, मग विश्रांती, पुन्हा वेगाने धाव) तोंड मिटून, फक्त नाकाने श्वास घ्यायला सांगितलं आहे. ग्रुपमधल्या काही जणी तोंडावर झडपांचा मास्क बांधून स्प्रिंट मारतात. श्वास अडवला की फुप्फुसं मजबूत होतात, असा त्यामागचा तर्क. काही आठवडे हे केल्यावर ताईंचा रिपीटचा, म्हणजे त्यातल्या प्रत्येक वेगवान धावेचा, वेग उतरला आणि धाप मात्र वाढली. जोरकस व्यायामात श्वास अडवल्याने बायकांच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो आणि हे पुढे चालू ठेवावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर आधी देऊन टाकते. जोरकस इंटरव्हलच्या दिवशी श्वासावरची सगळी बंधनं काढून टाका. श्वासाच्या स्नायूंना ताकद द्यायची असेल तर ती वेगळ्या वेळी, बसल्या जागी द्या. मी खेळाडूंच्या ट्रेडमिलवरच्या आणि सायकलवरच्या चाचण्या घेते. तिथे आत-बाहेर जाणारी सगळी हवा मोजली जाते, आणि 'फुप्फुसं मजबूत होतात' या समजुतीला त्या आकड्यांत कुठेच आधार सापडत नाही. फुप्फुस हा मुळात स्नायू नाहीच. त्याला फुगवणारे स्नायू वेगळे: श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू), बरगड्यांमधले स्नायू, मानेचे, आणि जोरात श्वास सोडताना पोटाचे. सगळी गोम या स्नायूंत आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. श्वास अडतो तो तीन तऱ्हांनी. एक, हवेच्या वाटेत अडथळा येतो: मास्क, फक्त नाकाने श्वास घेणं, किंवा घशातली पोकळी आक्रसणं. दोन, वाट मोकळी असते पण छातीला फुलायला जागा नसते: घट्ट स्पोर्ट्स ब्रा, कमरेचा पट्टा, आवळून बांधलेली पाण्याची बॅग. तीन, वाट आणि छाती दोन्ही मोकळी असतात, पण आपण मुद्दाम कमी श्वास घेतो, जसं पोहणारे पाच-सात हातांनंतर एकदा डोकं वळवतात. तिन्हींत धाप लागते म्हणून त्या एकच वाटतात. आत घडतं ते मात्र निराळं असतं, आणि एकीवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष दुसरीला चिकटवला की तुमच्या ग्रुपसारखा गोंधळ होतो.

आता मूळ हिशेब. स्वस्थ बसलेली स्त्री मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करते. मुरलेली धावपटू शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात हाच आकडा १०० लिटरच्या पुढे नेते, आणि तेव्हा श्वास मिनिटाला ५०-६० वेळा चालू असतो. बसलेलं असताना श्वासाला लागणारी ऊर्जा इतकी थोडी की कुणी मोजायच्या फंदात पडत नाही. शंभर लिटरला तसं राहत नाही. हवा दुप्पट झाली की श्वासाचं काम दुपटीवर थांबत नाही, ते कितीतरी पुढे जातं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. पूर्ण जोर लावलेल्या व्यायामात शरीर वापरत असलेल्या एकूण ऑक्सिजनपैकी श्वासाचे स्नायू किती खातात? पुरुषांमध्ये सुमारे ९ टक्के, स्त्रियांमध्ये सुमारे १४ टक्के. म्हणजे काही अडथळा नसतानाच बाईच्या शरीरातला सातवा हिस्सा ऑक्सिजन नुसता भाता चालवण्यात जातो.

हा खर्च निघतो कुठून? हृदय मिनिटाला जितकं रक्त ढकलू शकतं त्याला शिखराजवळ मर्यादा असते. श्वासाच्या स्नायूंना जास्त हवं असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी कमी होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९७ मध्ये सायकलपटूंवर झालेल्या प्रयोगांनी हे थेट दाखवलं. पूर्ण जोरात पेडल मारताना श्वासावर भार टाकला की पायांकडे जाणारं रक्त घटलं, आणि यंत्राने श्वासाला मदत केली की ते वाढलं. श्वासाचे स्नायू दमले की त्यांच्यातून निघणारे मज्जासंदेश हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळायला लावतात. श्वास चालू ठेवणं ही शरीराची पहिली गरज, धावणं नंतर. तुमच्या रिपीटचा वेग उतरला तो बहुतेक इथे, मांड्यांत. तुम्हाला जाणवली छाती, कमी पडले पाय.

हा प्रयोग पुरुषांवर झाला होता, हे सांगितलं पाहिजे. व्यायामशास्त्रातला बराच जुना पाया असाच तरुण पुरुषांवर रचलेला आहे, आणि नंतर कित्येक वर्षं 'स्त्रिया म्हणजे लहान आकाराचे पुरुष' असं धरून तोच हिशेब पुढे ओढला गेला. श्वासाच्या बाबतीत हे गृहीतक सपशेल चुकतं.

सारख्या उंचीच्या पुरुषापेक्षा स्त्रीची फुप्फुसं लहान असतात, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण फुप्फुसांचा आकार सारखा असलेले पुरुष आणि स्त्रिया निवडून तुलना केली तरी स्त्रियांच्या मोठ्या श्वासनलिका सरासरीने अरुंद निघतात. नळीतून हवा सरळ, शांतपणे वाहत असेल तर अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. हिशेब करून पाहा: त्रिज्या फक्त १० टक्के कमी झाली तर अडथळा जवळपास दीडपट होतो. जोरकस व्यायामात हवा शांत वाहत नाही, ती भोवरे घेत जाते, आणि मग अरुंद नळी आणखी महाग पडते. संथ धावताना हा फरक जाणवतही नाही. मिनिटाला ५०-६० लिटरपर्यंत सगळं बरं चाललेलं असतं. ९० लिटरच्या पुढे गेलं की तेवढीच हवा हलवायला स्त्रीला पुरुषाच्या जवळपास दुप्पट काम करावं लागतं, असं २००७ मधल्या एका मोजमापात दिसलं.

त्यात बरगड्यांची ठेवण वेगळी. स्त्रियांच्या बरगड्या अधिक तिरप्या उतरत्या असतात आणि श्वासपटल तुलनेने आखूड असतं. म्हणून खोल श्वासासाठी त्या बरगड्यांच्या आणि मानेच्या स्नायूंवर जास्त विसंबतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पट्ट्यांबद्दल बोलताना ती लागणार आहे.

तंदुरुस्ती जितकी जास्त तितकी ही मर्यादा जवळ येते, हे ऐकून बऱ्याच जणींना आश्चर्य वाटतं. नवशिक्या धावणारीचं हृदय आणि पाय आधी हात टेकतात. फुप्फुसांकडे तेव्हा भरपूर शिल्लक असते. सरावाने हृदय सुधारतं, पायांतल्या केशवाहिन्या वाढतात, स्नायूंची ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढते. श्वासनलिका मात्र आहे तेवढ्याच राहतात. त्यामुळे खूप तयारीच्या खेळाडू स्त्रियांमध्ये श्वास सोडण्याचा वेग त्यांच्या फुप्फुसांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. अशा वेळी श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा घ्यावा लागतो, छाती अर्धवट फुगलेली राहते, आणि फुगलेल्या छातीत आणखी हवा ओढणं जड जातं. काही जणींच्या रक्तातला ऑक्सिजनही समुद्रसपाटीवर, पूर्ण निरोगी असताना खाली येतो. हा आजार नाही. पण आधीच इतक्या काठावर चाललेल्या यंत्रणेवर मास्कचं ओझं टाकण्यात काय हशील?

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सगळं उणंच वाटेल. स्त्रियांचं श्वासपटल पुरुषांच्या तुलनेत उशिरा थकतं. श्वासाचे स्नायू दमल्यावर पायांचं रक्त तोडणारी जी प्रतिक्रिया वर सांगितली, तीही स्त्रियांमध्ये सौम्य असल्याचं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. श्वासाचं काम जास्त, पण ते रेटून न्यायची तयारीही शरीराने केलेली असते. म्हणून 'बायकांचा दम कमी' हे वाक्य मला मान्य नाही. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. एखादी उंच, रुंद छातीची रोइंगपटू चाचणीच्या खोलीतल्या निम्म्या पुरुषांना मागे टाकते.

आता प्रश्न येतो की कुठल्या व्यायामात किती फरक पडतो. दहा-पंधरा सेकंदांची एकच स्प्रिंट असेल तर श्वासाचा संबंध जवळपास नाही. ती ऊर्जा स्नायूत आधीच साठवलेली असते. शंभर मीटर धावणाऱ्या, पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहणाऱ्या मोजके श्वास घेऊनही उत्तम वेळ देतात. तीस सेकंदांच्या पूर्ण जोराच्या चाचणीतही फटका छोटाच. खरा मार बसतो तो दोन ते आठ-दहा मिनिटांच्या प्रयत्नांत, जिथे हवेची मागणी कमालीला असते आणि ती टिकवावी लागते. आणि दुसरा, पुन्हा पुन्हा केलेल्या स्प्रिंटमध्ये. प्रत्येक स्प्रिंट स्वतः ऑक्सिजनवर चालत नाही, पण दोन स्प्रिंटमधल्या विश्रांतीत स्नायूंचा साठा भरून काढायला ऑक्सिजन लागतोच. पहिल्या दोन-तीन रिपीटला काही वाटत नाही आणि पाचव्यापासून घसरण सुरू होते, असं तुमचंही झालं असेल तर कारण हेच.

छातीच्या पट्ट्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. प्रश्नात तो नव्हता, पण मास्क काही जणीच लावतात आणि स्पोर्ट्स ब्रा सगळ्याच घालतात. कॅनडातल्या त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये नऊ उत्तम तयारीच्या स्त्री धावपटूंवर एक साधा आणि नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रा तीच, फक्त छातीखालचा पट्टा कधी घट्ट, कधी सैल, कधी स्वतःच्या आवडीप्रमाणे. पट्टा सैल असताना श्वास खोल आणि संथ झाला, श्वासाचं काम कमी झालं, आणि ठरावीक वेगाने धावायला लागणारा ऑक्सिजन घट्ट पट्ट्याच्या तुलनेत सुमारे १.३ टक्के कमी लागला. घट्ट पट्ट्यात उलट: श्वास उथळ आणि भराभर.

उथळ आणि भराभर श्वास वाईट का, तर प्रत्येक श्वासातली थोडी हवा घसा आणि श्वासनलिका भरण्यातच जाते, तिथे ऑक्सिजनची देवाणघेवाण होत नाही. श्वास जितका छोटा तितका हा वाया जाणारा वाटा मोठा. तेवढीच कामाची हवा मिळवायला मग एकूण जास्त हवा हलवावी लागते. आणि बायका बरगड्यांनी जास्त श्वास घेतात हे वर आलंच. पट्टा नेमका त्याच बरगड्यांवर बसतो.

१.३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. दहा किलोमीटर ४५ मिनिटांत धावणारीसाठी १ टक्का म्हणजे २७ सेकंद. ऑक्सिजनमधली बचत जशीच्या तशी वेळेत उतरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कमी मिळेल. तरीही जी गोष्ट हूक एक घर मागे लावून मिळते तिच्यासाठी हे काही थोडं नाही. नऊच जणींवरचा अभ्यास आहे, म्हणून मी त्यावर सगळं घर बांधणार नाही, पण त्यातली यंत्रणा बाकीच्या माहितीशी चोख जुळते.

याचा अर्थ पट्टा ढिला सोडून द्यायचा असाही नाही. आधार कमी पडला की स्तनांची हालचाल वाढते, दुखतं, आणि काही जणी नकळत खांदे आवळून, पावलं आखडून धावायला लागतात. मोठा कप असलेल्यांना हे जास्त भोगावं लागतं. आधार पट्ट्याच्या आवळण्यातून कमी आणि कपाच्या रचनेतून, रुंद खांदापट्ट्यांतून जास्त मिळेल अशी ब्रा शोधायची. मागे हूक असलेली, म्हणजे घेर बदलता येईल अशी, डोक्यातून ओढायच्या प्रकारापेक्षा यासाठी सोयीची. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण वापराने पट्टा सैलावतोच. घरच्या घरी तपासायला शिंप्याची टेप पुरे. स्तनांखाली, बरगड्यांवर टेप धरून पूर्ण श्वास सोडल्यावर आणि पूर्ण भरल्यावर घेर मोजा, एकदा ब्राशिवाय आणि एकदा ब्रा घालून पट्ट्यावरून. दोन मापांतला फरक ब्रा घातल्यावर लक्षणीय आखडत असेल तर पट्टा तुमचा श्वास खातो आहे. दुकानात उभ्या उभ्या घालून बघताना हे कळत नाही. तिथे आपण ७-८ लिटरचा श्वास घेत असतो.

हाच न्याय हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याला, पाण्याच्या जॅकेटला आणि कंबर बारीक करायच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या त्या आवळपट्ट्यांना लागू. शेवटच्या प्रकाराबद्दल माझं मत कडक आहे: व्यायामात त्याला काहीही स्थान नाही. जड वजन उचलताना बांधायचा पट्टा मात्र वेगळा. तिथे दोन-चार सेकंद श्वास धरून पोटातला दाब वाढवायचाच असतो. तो उचलण्यापुरता बांधावा आणि सोडावा, बांधलेलाच ठेवून एकामागून एक व्यायाम करत सुटू नये.

मास्ककडे येऊ. दोन मास्क वेगळे. महामारीच्या काळातले कापडी आणि सर्जिकल मास्क आठवत असतील. २०२० मध्ये कॅनडातल्याच एका अभ्यासात सात पुरुष आणि सात स्त्रियांनी ते लावून सायकलवर पूर्ण दमेपर्यंत जोर लावला. कामगिरीत फरक पडला नाही, स्त्री-पुरुषांतही नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत कापडी मास्कमुळे व्यायामाचा वेळ बऱ्यापैकी घटला. कापड किती जाड, चेहऱ्याला किती चिकटलेलं, घामाने भिजलं का, यावर ते ठरत असावं. तुमच्या ग्रुपमधला झडपांचा मास्क मुद्दाम अडथळा वाढवण्यासाठीच बनवलेला असतो. 'उंचीवरच्या विरळ हवेचा सराव' म्हणून तो खपवला जातो. उंचीवर हवेचा दाबच कमी असतो, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि आठवडे काढल्यावर शरीर जास्त लाल पेशी बनवतं. मास्कमध्ये हवेचा दाब तोच, ऑक्सिजनचा वाटाही जवळपास तोच; वाढतो तो ओढण्याचा त्रास आणि स्वतःच सोडलेला थोडा कार्बन डायऑक्साइड. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठात सहा आठवड्यांचा जोरकस सायकल सराव मास्क लावून आणि न लावता करून घेतला. मास्कने उंचीचा परिणाम साधला नाही, व्हीओटू मॅक्समध्ये (पूर्ण जोरात शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्यात) मास्कवाल्या गटाला वेगळी आघाडी मिळाली नाही. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होतो, असाच त्यातून अर्थ निघाला. तोही सरावाचा वेग घालवून. इंटरव्हलचा फायदा वेगात आहे. वेगच उतरला तर पायांना मिळायचा तो ताण मिळतच नाही आणि थकवा मात्र पुरेपूर येतो.

नाकाने श्वास घेण्याबद्दल मी इतकी कठोर नाही. नाक हवा गाळतं, ओली आणि गरम करतं. कोरड्या, थंड हवेत श्वासनलिका आवळणाऱ्यांना याचा खरा उपयोग होतो. पण मिनिटाला साधारण ३५-४० लिटरच्या पुढे बहुतेक माणसं आपोआप तोंड उघडतात, आणि शरीराला ते कुणी शिकवावं लागत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात पाच पुरुष आणि पाच स्त्री धावपटूंनी सहा महिने नाकानेच श्वास घ्यायचा सराव केला होता. त्यांना नाकाने आणि तोंडाने दोन्ही प्रकारे सारखाच व्हीओटू मॅक्स गाठता आला. नाकवाले उत्साहाने हेच उदाहरण देतात. त्यातले सहा महिने आणि अवघे दहा जण ते विसरतात, आणि हेही, की निकाल 'सारखा' आला, 'जास्त' नाही. हळू धावायच्या दिवशी खुशाल नाकाने श्वास घ्या. वेग आपसूक आवरला जातो, हळूचा दिवस खरंच हळू राहतो. कोचना नाक सोडायचं नसेल तर त्याची जागा तिथे आहे.

पोहणाऱ्यांची गोष्ट निराळी, कारण तिथे श्वास मोजून घेणं हा तंत्राचाच भाग. अमेरिकी पोहण्याचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी १९७० च्या दशकात कमी श्वासांच्या सरावाला 'हायपॉक्सिक ट्रेनिंग', म्हणजे कमी ऑक्सिजनचा सराव, म्हणून लोकप्रिय केलं. पुढे मोजल्यावर दिसलं की त्यात रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढतो. नाव चिकटून राहिलं. अलीकडे एक वेगळी पद्धत आली आहे: आधी श्वास बराचसा सोडायचा आणि मग रिकाम्या छातीने छोट्या स्प्रिंट मारायच्या. त्यात ऑक्सिजन खरोखर कमी होतो, आणि पुन्हा पुन्हा स्प्रिंट मारायची क्षमता वाढल्याचे काही निकाल आहेत. भाग घेणारे बहुतांशी पुरुष होते, म्हणून स्त्रियांसाठी मी ते आकडे उचलून देणार नाही. पाण्यात श्वास धरायचा कुठलाही सराव एकटीने करू नका आणि त्याआधी भराभर श्वास घेऊन 'दम साठवू' नका. त्याने ऑक्सिजन साठत नाही. श्वास घ्यायची तहान तेवढी मरते, आणि चांगली पोहणारी व्यक्ती पाण्यात न कळत बेशुद्ध होते. यात माणसं दगावली आहेत.

मग श्वासाच्या स्नायूंना सराव द्यायचाच नाही का? द्यायचा, आणि स्त्रियांसाठी त्याचा पुरावा बरा आहे. २००१ मध्ये १४ स्पर्धक स्त्री रोइंगपटूंवर अकरा आठवड्यांचा अभ्यास झाला. एका गटाने श्वास आत ओढायच्या उपकरणाने खरा भार घेतला, दुसऱ्याने नावापुरता. सहा मिनिटांच्या पूर्ण जोराच्या चाचणीत पहिल्या गटाचं अंतर साडेतीन टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्याचं १.६ टक्के. पाच हजार मीटरची वेळ पहिल्या गटात ३६ सेकंदांनी, दुसऱ्यात ११ सेकंदांनी सुधारली. हा सराव बसून होतो: तुमच्या कमाल ओढीच्या साधारण निम्म्या भारावर ३० श्वास, दिवसातून दोन वेळा, चार ते सहा आठवडे. ओढ झटक्यात आणि पूर्ण, सोडणं आरामात. चक्कर आली तर दोन श्वासांमध्ये थांबा. यात पायांचा वेग बुडत नाही, आणि मास्कने जे थोडं साधलं असतं ते कितीतरी नेमकेपणाने साधतं. उपकरण साधं असतं, भार मोजता येणारं घ्या.

मासिक पाळीचं विचारलं नव्हतं, पण ते मनात असणारच. पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि श्वास थोडा वाढतो. काहींना त्या दिवसांत धाप लवकर जाणवते. कामगिरीत दिसणारा सरासरी फरक मात्र अगदी थोडा आहे. मला त्याहून काळजी वाटते ती लोहाची. जास्त रक्तस्राव होणाऱ्या आणि भरपूर धावणाऱ्या बायकांमध्ये फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) खाली असणं फार आढळतं, आणि 'हल्ली दम लागतो' हे त्याचं एक लक्षण असू शकतं. वेग उतरण्याची सगळी जबाबदारी नाकावर ढकलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या.

पुढचे चार आठवडे असं करा. इंटरव्हल मोकळ्या श्वासाने, मोजमाप करून पट्टा बेताचा ठेवून. नाकाने श्वास फक्त हळू धावायच्या दिवशी. हवं असेल तर उपकरणाचा सराव सकाळ-संध्याकाळ. चौथ्या आठवड्यात पूर्वीचेच रिपीट, त्याच ट्रॅकवर, तेवढ्याच विश्रांतीने धावा आणि शेवटच्या तीन रिपीटची वेळ लिहून ठेवा; पहिल्या तीनची नको, त्यात काही कळत नाही. कोचना हे आकडे दाखवा. समजूतदार कोच वेळेपुढे वाद घालत नाही.

वेग परत आला नाही, किंवा पूर्ण जोरात असताना श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, गळा आवळल्यासारखा वाटत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं निवळत असेल, तर तो दमा नसून व्यायामात स्वरयंत्राची पोकळी आक्रसण्याचा प्रकार असू शकतो. किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो, बऱ्याचदा दमा समजून इन्हेलर दिला जातो आणि त्याने फरक पडत नाही. त्याची खात्री व्यायाम चालू असताना नाकातून दुर्बीण ठेवून होते. व्यायामाने होणाऱ्या दम्यात त्रास सहसा थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत वाढतो, आवाज श्वास सोडताना येतो, खोकला असतो; त्यासाठी व्यायामाआधी आणि नंतर स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वास मोजायची चाचणी) करतात, आणि एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा, दहा टक्के किंवा त्याहून जास्त घसरला तर निदान पक्कं होतं. दोन्हींवर उपचार वेगळे आहेत, म्हणून डॉक्टरांकडे जाताना 'धाप लागते' एवढंच सांगू नका. आवाज आत घेताना येतो की सोडताना, धावताना येतो की थांबल्यावर, हे सांगा. मैत्रिणीला शेवटच्या रिपीटनंतर फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगितलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होईल.